बल्बच्या उजेडातला हंस

२२ नोव्हेंबर २०२५

ही वही खरं तर शेवंतीची. पुढच्या पानांवर लागवड, फवारणी आणि बल्बचे तास. मागच्या पानांवर मी माझं लिहितो. आक्काला वाटतं मी औषधांचीच नावं लिहितोय, म्हणून ती मध्ये बोलत नाही. ते बरंच आहे.

आज सकाळी येडगाव धरणाच्या काठी, आमच्या हरभऱ्यात एक हंस सापडला. दर थंडीत त्यांचा थवा उतरतो, पहाटे हरभरा खातो आणि ऊन चढलं की पाण्यात जाऊन बसतो. आम्ही शिव्या देतो, ते ऐकून घेतात. आज मी हाकलल्यावर सगळे उडाले, हा मागे राहिला. उजवा पंख लोंबत होता. विजेच्या तारेला धडकला असणार. राखाडी अंग, पांढरं डोकं, डोक्यामागे दोन काळे पट्टे. पोतं टाकून धरला तर मनगटाला असा चावला की पासष्टाव्या वर्षी मी आईच्या नावानं ओरडलो.

वनरक्षक हर्षाली मॅडमना फोन केला. त्या जनावरांच्या डॉक्टरांना घेऊनच आल्या. हाड तुटलेलं नाही, पण सांधा दुखावलाय. पंख बांधून दिला. मॅडम म्हणाल्या, "काका, आमच्याकडे पिंजरे आहेत ते सगळे बिबट्यांचे. त्यांच्या शेजारी ह्याला ठेवला तर भीतीनंच मरेल. तुमच्याकडं राहू द्या, मी कागद करून देते. मार्चात थवा परत जातो. तोवर पंख सुधारला की सोडायचा."

आक्का काठी टेकत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "पावणा दमलाय लई. पाणी द्या आदी."

झालं, नाव पडलं. पावणा.

२४ नोव्हेंबर

पावण्याला कुठे ठेवायचा यावर दोन दिवस खल. गोठ्यात म्हशी. ओसरीवर कुत्रं. बाहेर बिबट्या, मागच्याच आठवड्यात खालच्या वस्तीवरून शेळी नेली. शेवटी मी डोकं चालवलं. पॉलीहाऊसला लागून औषधाच्या पंपाची जाळीची खोली आहे, ती रिकामी केली. तिथे रात्री शेवंतीच्या बल्बचा लख्ख उजेड पडतो. उजेडात बिबट्या सहसा येत नाही. एका दगडात दोन पक्षी.

आक्काला बल्बचं अजून नवल वाटतं. तिला पुन्हा समजावून सांगितलं. शेवंती रात्र मोजते. रात्र मोठी झाली की तिला कळतं, थंडी आली, आता कळी धरायची. आपण रात्री दहा ते दोन बल्ब लावायचे, म्हणजे रात्रीचे दोन तुकडे पडतात आणि तिला वाटतं दिवस अजून मोठाच आहे. ती वाढत राहते. आपल्याला फूल पाहिजे त्याच्या दोन महिने आधी बल्ब बंद. यंदा पाडवा एकोणीस मार्चला, म्हणून बल्ब वीस जानेवारीच्या आसपास बंद. पंचक्रोशीतले लोक हे माझ्याकडून शिकून गेलेत.

आक्का म्हणाली, "म्हंजी तू त्या फुलाला फसीवतोस."

"फसवत नाही गं, सांभाळतो."

"बरं."

तिचं ते बरं मला कधीच आवडलेलं नाही.

९ डिसेंबर

पावणा आता माझ्या हातून भिजवलेला मका खातो. आक्का त्याच्यासमोर पोतं टाकून बसते आणि दोघं एकमेकांकडे बघत राहतात. दोघांचाही पाय, पंख काय ते यंदा अधू. आक्काचा पाय गेल्या वर्षीच्या श्रावणात मोडला. दाजी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वर डिंभे धरणाच्या काठी ती एकटी, शेजारी फक्त गेणभाऊचं घर. मी गाडी नेली आणि तिला उचलूनच आणली. आता हाड जुळलंय, काठी घेऊन मळाभर फिरते. इथे दवाखाना आहे, नळ आहे, मी आहे. बायको, इंदू, गेल्यापासून या घरात चुलीपाशी कोणी बोलत नव्हतं. आता सकाळी उठल्यावर आक्काचं खोकणं ऐकू येतं आणि मला बरं वाटतं. हे तिला सांगितलेलं नाही.

आज थवा डोक्यावरून गेला तेव्हा एकदम जुनं गाव आठवलं. घोड नदीच्या काठची आमची वाडी, आता डिंभ्याच्या तळाशी असलेली. भात झोडून झालेलं असायचं, खळ्यावर पेंढ्याचा वास. आक्का मला कडेवर घेऊन उभी असायची. मी पाच वर्षांचा म्हणजे तेव्हा ती बारा. संध्याकाळी उंचावरून असेच पक्षी ओरडत जायचे आणि मी विचारायचो, हे कुठं चाललेत? ती म्हणायची, माहेराला. मी विचारायचो, कशावरून? ती म्हणायची, बघ की, कसे सरळ चाललेत, सासरला कोण एवढं सरळ जातं? मग दिवा लागायचा, एकच, आणि बाकी सगळीकडे काळोख. त्या काळोखात मला कधी भीती वाटली नाही, कारण आक्काचा हात असायचा.

धरण भरलं तेव्हा मी पुनर्वसनाची जमीन घेऊन इथे वारूळवाडीला खाली आलो. दाजींनी काठच सोडला नाही. तेव्हापासून आम्ही दोघं भाऊबहीण पाहुण्यांसारखे भेटत आलो.

जेवताना तिने विचारलं, "वरलं पाणी किती हाय रं?"

म्हटलं, "तुडुंब. दोन्ही पिकांना पुरेल."

"व्हय?" म्हणाली आणि भाकरी मोडत बसली. तिला आमच्या पिकाची काळजी आहे, बघून बरं वाटलं.

२६ डिसेंबर

पावण्याची भूक वाढली आहे. दुप्पट खातो. अंगाने चांगला गोल झालाय. पट्टी सोडली, पंख पसरतो, मिटतो. हर्षाली मॅडमना फोटो पाठवला. त्यांनी लिहिलं, "इतक्या लवकर इतका जाड?" मी लिहिलं, आमच्या घरात आलेला उपाशी राहत नाही.

शेवंती गुडघ्यापर्यंत. बल्ब दहा ते दोन, नियमित.

४ जानेवारी २०२६

चार दिवस पावण्याचं काहीतरी बिनसलं आहे. दिवस मावळला की उठतो आणि खोलीच्या एकाच कोपऱ्यात जातो, उत्तरेच्या अंगाच्या. मान उंच करून ओरडतो, पंख फडकावतो, पुन्हा ओरडतो. दिवसा बरा असतो. मी म्हटलं, त्याला उकडत असेल.

आक्का म्हणाली, "त्याला जायाचंय."

मी हसलो. "आक्के, पौष आहे. थवा अजून पाण्यात निवांत बसलाय. फाल्गुनाच्या आत कोणी हलत नाही."

"मंग ह्याला कुनी सांगितलं फागून आलाय म्हून?"

मला काय माहीत. पक्ष्यालाही वेड लागत असेल.

११ जानेवारी

फार वाईट झालं. पहाटे आक्का हाका मारत होती. जाऊन बघतो तर पावणा जाळीला धडका मारून मारून पडलेला. तोच उजवा पंख. जाळीला रक्त. डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली. जगेल, पण यंदा उडणार नाही. पुढच्या वर्षीही सांगता येत नाही.

हर्षाली मॅडम माझ्यावर चिडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. मी त्यांना विचारलं, हे पक्षी जातात तरी कशासाठी? इथे पाणी आहे, दाणा आहे, थंडी बेताची. त्या म्हणाल्या, "काका, इथं ते पोटासाठी येतात. तिकडं, लांब उत्तरेला, थंडीत तळी गोठतात, गवत बर्फाखाली जातं. पण अंडी घालायची, पिल्लं वाढवायची ती तिकडंच. उन्हाळ्यात बर्फ वितळला की कोवळं गवत येतं आणि त्यांना तेवढेच चार महिने मिळतात. उशीर झाला तर पिल्लं उडायला शिकायच्या आत पुन्हा बर्फ. म्हणून वेळ चुकवून चालत नाही."

"पण इथं बसून त्यांना तिकडचा बर्फ कसा कळतो?"

"बर्फ नाही कळत. दिवस कळतो. दिवस मोठा व्हायला लागला की अंगातच काहीतरी सुरू होतं. आधी भूक वाढते, चरबी साठते, मग संध्याकाळी बेचैन होतात."

तेवढ्यात जुन्नरहून राजमहंमद आला. माझे सगळे बल्ब आणि टायमर त्यानेच बसवलेत, तीस वर्षांची दोस्ती. एका ओळीचे बल्ब लागत नव्हते म्हणून बोलावला होता. तो शिडी खांद्यावर घेऊन आमचं बोलणं ऐकत उभा होता. एकदा जाळीच्या खोलीकडे बघितलं, एकदा वर बल्बच्या माळेकडे.

"दादाभाऊ," तो म्हणाला, "राग नका मानू. पन तुमीच मला शिकवलं ना, रात्री चार तास उजेड दिला की शेवंतीला दिवस मोठा वाटतो?"

"हो, मग?"

"मग ह्या गरीबाला काय वाटलं असंल?"

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी खाली बसलो. दहा वर्षं येणाऱ्या जाणाऱ्याला हे शहाणपण ऐकवलं. सात आठवडे रोज स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं, दहा ते दोन, दहा ते दोन. आणि माझ्या डोक्यात आलं नाही. बिबट्यापासून वाचवायला म्हणून मी त्याला पौषातच चैत्र दाखवला.

१२ जानेवारी

बल्ब बंद केले. शेवंतीला अजून आठ दहा दिवस हवे होते. जाऊ दे. जाळीच्या खोलीला खालून चारी बाजूंनी पत्रे मारले, म्हणजे बिबट्याचंही भय नको.

३ फेब्रुवारी

कालव्याचं आवर्तन आलं. डिंभ्याचं पाणी डाव्या कालव्याने येडगावात येतं. मी काठावर जाऊन ओंजळभर घेऊन आलो, उगाच. आमच्या वाडीवरून आलेलं पाणी. हे पाणी आमच्या अंगणावरून, झोडणीच्या खळ्यावरून वाहत आलंय असं दरवर्षी वाटतं आणि दरवर्षी मी ते कोणालाच बोलत नाही. यंदा आक्काला बोललो. ती बराच वेळ माझ्या ओल्या हाताकडे बघत राहिली.

पावणा शांत झालाय. कमी खातो, संध्याकाळी ओरडत नाही. पंख लोंबलेलाच.

१६ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र. आज गेणभाऊचा फोन आला. तिकडे रेंज नाही, त्याला टेकडी चढून फोन लावावा लागतो. धापा टाकत म्हणाला, "आक्काला सांग राव, तिची वरली दोन खाचरं उघडी पडली. गाळ झकास बसलाय. आदी मूग टाकावा का भुईमूग, इचार तिला."

ही गोष्ट लिहून ठेवायला हवी. पाणी उतरलं की बुडालेल्या जमिनीच्या वरच्या कडा बाहेर येतात. पाच महिने. ज्यांची होती ते लोक तिथे खत न घालता पीक घेतात आणि पावसाळ्यात पुन्हा पाण्याला देऊन टाकतात. आक्काने पंचवीस वर्षं ते केलं. गेल्या वर्षी तिचा पाय प्लास्टरमधून नुकताच निघाला होता, तेव्हा प्रश्नच आला नाही.

फोन ठेवला तर आक्का दारात. "कुनाचा व्हता?"

"गेणभाऊचा. खुशाली विचारत होता."

"पानी उतरलं का वरलं?"

मी म्हणालो, "नाही. यंदा पाऊस जास्त झाला ना. अजून भरलेलंच आहे म्हणे."

"बरं," आक्का म्हणाली.

मी खोटं बोललो. का बोललो ते मला माहीत आहे. ती गेली तर चिखलात पडेल. दुसरा पाय मोडेल. तिथे दवाखाना दोन तासांवर. हे सगळं खरं आहे. आणि ती गेली तर सकाळी मला खोकणं ऐकू येणार नाही, हेही खरं आहे. पावसाळा एकदा आला की पाणी चढेल, विषय संपेल.

२४ फेब्रुवारी

आक्काने माळ्यावरून तिचं गाठोडं काढून घेतलं. त्यात बियाणं होतं, राखेत ठेवलेले मूग आणि भुईमुगाच्या शेंगा. उन्हात पसरून पुन्हा बांधलं. मी विचारलं, "हे कशाला आता?"

"किडा लागंल म्हून."

तिला वस्तू नीट ठेवायची सवयच आहे.

७ मार्च

शेवंती भसाभसा फुलली. पाडवा अजून बारा दिवस लांब. तोड सुरू केली. देठ आखूड. राजमहंमद म्हणाला, "कुनाच्या तरी लग्नात जाईल, दादाभाऊ, फूल वाया नाही जात." रागही येत नाही, कारण हे मीच पत्करलं होतं. पिवळा मळा बघून आक्का खूश. दोन फुलं देवापुढे ठेवली आणि इंदूच्या फोटोला चार वाहिली.

१४ मार्च

थवा गेला.

आठ दिवस ते सारखे उठत होते आणि बसत होते. पावणाही पुन्हा संध्याकाळी उभा राहायला लागला होता. यावेळी त्याची वेळ बरोबर होती. आज ऊन कलल्यावर पाण्यावरून सगळे एकदम उठले, धरणावर एक फेरी मारली आणि आमच्या मळ्यावरून उत्तरेला गेले. मी आणि आक्का पावण्याला घेऊन बांधावर बसलो होतो. त्याने मान ताणून असा आवाज दिला की मला कान झाकावेसे वाटले. वरून दोन तीनदा उत्तर आलं. मग लांबून एकदा. त्याने डावा पंख पूर्ण पसरला, उजवा अर्धाच निघाला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. किती वेळा ते मी मोजलं नाही.

आभाळ रिकामं झाल्यावरही तो बघत होता. मी आक्काकडे बघितलं, काहीतरी बोलायचं म्हणून. ती वर बघतच नव्हती. मावळतीकडे, डिंभ्याच्या डोंगरांकडे बघत होती. आणि तिचं तोंड अगदी त्याच्यासारखं होतं.

१५ मार्च

सकाळी चहा ठेवला आणि सांगून टाकलं. "आक्के, मी खोटं बोललो. तुझी खाचरं उघडी पडून महिना झाला. गेणभाऊ तेच सांगत होता."

वाटलं होतं, रागावेल, रडेल. तिने बशीत चहा ओतला, फुंकून प्यायली.

"मला ठावं हाय."

"कसं? गेणभाऊ भेटला?"

"कालव्याला पानी आलं ते कुठनं आलं मंग? वरलं उतरल्याबिगर खाली येतंय व्हय रं?"

त्या दिवशी ओंजळ भरून मीच तर तिच्याकडे घेऊन आलो होतो. माझ्यासारखा शहाणा माणूस जुन्नर तालुक्यात दुसरा नसेल.

"मग तेव्हाच का नाही बोललीस? भांडली असतीस तर नेलं असतं मी."

"भांडून कशाला जाऊ? तू सांगशील म्हून थांबले व्हते." मग बशी खाली ठेवत, "लई दीस लावलंस, दादू."

दादू मला आता फक्त तीच म्हणते. मी उठून म्हशींकडे गेलो, कारण काय करावं ते कळेना.

१७ मार्च

आज तिला पोचवून आलो. हर्षाली मॅडमनी तिकडच्या वनरक्षकांना फोन करून पावण्याचा कागद त्यांच्याकडे वळवून दिला. ही कल्पना आक्काचीच. ती म्हणाली, "ह्याला माज्याकडं दे. शेरडं घरात बांधते त्यात ह्योबी निजंल. तिथं रातीची रातच असती, ह्याला पुन्हा चुकायचं न्हाई. पंखाचं काय व्हायाचं ते हुईल." मी खोकं मागच्या सीटवर ठेवलं. वाटेत घोडेगावला तिने भेळ मागितली आणि अर्धी त्याला चारली.

काठावर उतरलो आणि मी थांबलो. मी इथे गेली कित्येक वर्षं फाल्गुनात आलोच नव्हतो. पाणी लांब गेलेलं. ओला काळा गाळ, त्यातून आमच्या जुन्या बांधांच्या रेषा जशाच्या तशा. खालच्या अंगाला वाडीची वाट दिसत होती, पाण्यात उतरून नाहीशी होणारी. त्या वाटेने आक्का मला कडेवर घेऊन येत असे. मी तिला ते सांगायला वळलो तर ती केव्हाच काठी टेकत खाचरात शिरली होती. घसरेल म्हणून मी धावलो आणि मीच घसरलो. गेणभाऊ पोट धरून हसला.

पावण्याला कडेच्या उथळ पाण्यात सोडला. तो दोन वल्ही मारून गेला, परत आला आणि कोवळं गवत ओरबाडायला लागला.

निघताना मी आक्काला म्हणालो, "मी रविवारी येतो. औषधं घेत जा. आणि..."

तिने वाकून गाळ हातात घेतला, दाबून बघितला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आखाडात पानी चढलं की ये न्यायाला. पानी उतरलं की सोड हितं, पेरनीला. मंग पुन्हा आखाडात. तू आदीच इचारलं असतंस तर मी काय न्हाई म्हनले असते का तुला? ह्याच्यापायी मला कोंडायची काय गरज व्हती रं?"

तिथेच उभ्या उभ्या मला रडू फुटलं. एवढंच होतं. एवढंच मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. दर पावसाळ्याला ती आपणहून आली असती, आणि मी दीड वर्ष दाराला कडी लावून तिच्या जाण्याला भीत बसलो. गेणभाऊने शहाण्यासारखं तोंड फिरवलं.

आक्काने मला रडू दिलं. मग म्हणाली, "झालं आसंल तर ती कुदळ दे हिकडं, वल जाती जमिनीची."

मी कुदळ दिली.